गोळीआधीची रेघ

टेबलावर सात वस्तू होत्या. कीबोर्डपासून सोडवलेली लॅपटॉपची स्क्रीन, राखाडी कॅनव्हासच्या कव्हरात घट्ट बसलेली, तिचा कीबोर्ड, स्क्रीनवर लिहायचं पेन, जादा निबांची डबी, आत तीन निबा, काच पुसायचं फडकं, बशीत एक पिवळी गोळी, आणि पाण्याचा पेला. या सातांपैकी एकच वस्तू बिघडलेली होती, ती म्हणजे पेन. निदान मोजपट्टीला तसं वाटत होतं.

मोजपट्टी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी बाबांच्या शिलाईच्या टेबलावरची टेप गळ्यात घालून ती दारं, खिडक्या, झोपलेल्या मावशीचं नाक, हाताला लागेल ते मोजत सुटायची. पुढे पदवीही भौतिकशास्त्राची घेतली, त्यामुळे नाव काही सुटलं नाही.

आज ती बाबांचा हात मोजत होती.

बाबांनी आयुष्यभर बॅगा शिवल्या. गेली काही वर्षं त्यांचा उजवा हात थरथरतो. गोळी घेतली की थोडा वेळ शांत होतो, गोळी उतरली की पुन्हा सुरू. मेंदूत बारीक तार घालून ही थरथर कमी करण्याचं ऑपरेशन असतं, पण ते सगळ्यांना करत नाहीत. ज्याचा हात गोळीला नीट दाद देतो, त्यालाच त्या तारेचा उपयोग होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून क्लिनिकने हा लॅपटॉप घरी दिला होता. स्क्रीनवर मधल्या बिंदूपासून गोल गोल बाहेर जाणारी एक फिकट रेघ उमटायची. घरात तिला गोगलगाय म्हणत. बाबांनी पेनाने ती गिरवायची, एकदा सकाळी गोळीआधी आणि एकदा गोळी चढल्यावर. मूळ रेघेपासून बाबांची रेघ सरासरी किती मिलिमीटर सरकली, ते यंत्र सांगायचं. गोळीनंतर हे सरकणं निदान तेहतीस टक्क्यांनी कमी व्हायला हवं, आणि तेही तीन वेगवेगळ्या सकाळी.

दोन सकाळी पार पडल्या होत्या. तिसरी आज. दुपारी लॅपटॉप परत करायचा होता आणि डॉक्टर यादी ठरवायला बसणार होते. आज जोडी पुरी झाली नाही, तर बाबांचं नाव पुढच्या फेरीत जाणार होतं, आणि पुढची फेरी वर्षभराने.

"बाबा, अजून एकदा. मधल्या बिंदूवर टेकवा."

बाबांनी पेन धरलं. काल संध्याकाळनंतर त्यांना गोळी मिळालेली नव्हती. मापासाठी ते गरजेचंच होतं. चेहरा ताठ झाला होता, पापण्याही क्वचितच लवत होत्या, आणि हात मात्र असा हलत होता की पेन काचेवर टकटक वाजत होतं. ते बिंदूवर टेकलं. काहीच उमटलं नाही. यंत्र सुरूही झालं नाही.

"झालं?" स्वयंपाकघरातून आई.

"नाही."

"मग गोळी दे."

"आई, गोळी दिली की गोळीआधीचं माप गेलं. ते परत मिळत नाही."

आई फडक्याला हात पुसत दारात आली. तिने नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. बाबांच्या डाव्या पायाची बोटं चपलेत आत वळली होती. गोळी उतरली की ती अशीच वळतात, आणि दुखतात.

"हे बघ," आई म्हणाली, "मी आत्ता मशीन लावलंय. त्यात चादरी आहेत. मशीन थांबलं की गोळी. मग तुझी गोगलगाय पूर्ण होवो, नाही तर अर्ध्या वाटेत राहो."

"आई..."

"अगं, तुझ्या विज्ञानाला पाय दुखत नाहीत. यांचे दुखतात."

शेजारच्या मोरीत मशीनमध्ये पाणी भरल्याचा आवाज येत होता. तिने पेनाची जुनी निब काढून डबीतली नवी बसवली आणि बिंदूवर टेकवली. काही नाही. काच फडक्याने पुसली, पुन्हा टेकवली. काही नाही. मग बोट लावलं. बोटाला स्क्रीनने लगेच दाद दिली, अगदी मधोमधसुद्धा. म्हणजे काच जिवंत होती. पण बोटाने गिरवलेलं हे यंत्र मानत नसे. त्याला पेनाचा दाब आणि वेग हवा असायचा.

या पेनात बॅटरीही नव्हती, की बदलून पाहावी. काचेखाली बारीक तारांची जाळी असते. तिच्यातून निघणाऱ्या लहरी पेनातल्या वेटोळ्याला ताकद देतात, आणि पेन कुठे आहे तेही ती जाळीच ओळखते. साधी, सुंदर रचना. बिघडायला त्यात आहेच काय, असं तिला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. सुरू होताना पडद्यावर ओळ आली: नवे बदल रात्री यशस्वीपणे बसवले गेले आहेत.

"हं," ती पुटपुटली. "हे आहे तर."

तिने क्लिनिकला फोन लावला. फोन उचलला तो यंत्रं सांभाळणाऱ्या ताईंनी. त्यांच्या मागे कुणी तरी कुणाला तरी प्रिंटर हलवू नकोस म्हणून दटावत होतं.

"पेन अजिबात उमटत नाही? बरं. कालपर्यंत चालत होतं?"

"हो, काल दुपारी मी स्वतः पाहिलं."

"मग मला एवढंच सांगा, काल दुपारपासून काय बदललं?"

"रात्री यंत्राने स्वतःला अपडेट करून घेतलंय."

"आणखी काही?"

"बाकी काहीच नाही."

"कुठे पडलंबिडलं नाही ना? पाणी सांडलं? सेटिंगला कुणी हात लावला?"

"नाही हो. आमच्या घरात त्याला देवासारखं जपतात."

"तेच वाईट, मग कारण सापडत नाही," ताई म्हणाल्या. "बरं, अपडेट मागे घ्या. मी सांगते तसं करा."

त्या सांगत गेल्या आणि ती बोटाने एकेक पान उघडत गेली. मोरीत मशीनने पाणी घेणं थांबवलं आणि चादरी घुसळायला सुरुवात केली, डावीकडे दोन गोते, उजवीकडे दोन गोते. बाबांचा हात आता मांडीवर होता, तरी खुर्चीचा दांडा कुरकुरत होता. त्यांनी काही तरी म्हटलं. गोळी नसली की त्यांचा आवाज इतका बारीक होतो की कान तोंडाशी न्यावा लागतो. मोजपट्टीने नेला.

"घाई... करू नकोस," बाबा म्हणाले. "दोरा... गुंतेल."

हे ते दुकानातल्या नव्या कारागिरांना म्हणायचे. तिने मान हलवली आणि फोन पुन्हा कानाला लावला.

अपडेट मागे गेलं. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तिने गोगलगाय उघडली आणि पेन बिंदूवर टेकवलं.

काही नाही.

"काही नाही, ताई."

"मग पेन गेलं असणार," ताई म्हणाल्या. "दुसरं पेन इथे आहे, पण घेऊन यायला माणूस नाही. तुम्ही येऊन नेणार?"

"जाऊन येईपर्यंत यांना गोळीशिवाय ठेवू?"

"नाही, तसं नका करू. त्यांना जास्त त्रास होत असेल तर गोळी द्या. मापासाठी माणसाला ताटकळत ठेवायचं नसतं. मी डॉक्टरांना सांगेन की यंत्र बिघडलं."

"त्यांनी ऐकलं नाही तर?"

"मी सांगेन," ताई पुन्हा म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरून कळलं की सांगून काही होणार नाही.

मोजपट्टीने फोन ठेवला. मशीनची घुसळण थांबली आणि पाणी भसाभस बाहेर पडू लागलं. आता पुन्हा पाणी भरेल, चादरी खळबळतील, आणि मग मशीन गरगर फिरवून त्या पिळेल. पिळायला लागलं की या घराची जमीन थरथरते, टेबलावरचा पेलासुद्धा वाजतो. त्या वेळी घेतलेलं माप बाबांचं नसेल, मशीनचं असेल. म्हणजे आईने दिलेल्या मुदतीतला शेवटचा तुकडा तिच्या काही कामाचा नव्हता.

आई आत आली आणि बशीजवळ बसली. तिने गोळीला हात लावला नाही, पण ती नजरेआडही होऊ दिली नाही.

"अहो, पाय चेपू का?"

बाबांनी पापण्या मिटून उघडल्या. आईने खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि वळलेली बोटं एकेक करून सरळ करू लागली. सरळ केलेलं बोट लगेच पुन्हा वळत होतं.

"सोड आता," आई मुलीकडे न बघता म्हणाली. या वेळी आवाज चढलेला नव्हता. "तू खूप केलंस. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. मागच्या वर्षी बाबा सुई स्वतः ओवत होते. या वर्षी सुई आई ओवून देते आणि गोळी चढलेली असताना ते जेमतेम चार बोटं शिवण घालतात. ऑपरेशनचं पहिल्यांदा निघालं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं की यातून तुम्हाला काय हवंय. बाबा म्हणाले होते, "मला सुई ओवायचीय." डॉक्टर हसले होते. बाबा हसले नव्हते.

"बरं," मोजपट्टी म्हणाली. "बंद करते."

हातात पेनच होतं. तिने सवयीने तेच कोपऱ्यातल्या फुलीवर टेकवलं, आणि गोगलगाईचं पान मिटलं.

ती गोळी उचलायला वळली, अर्ध्यावर थांबली, आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली.

"आई."

"काय?"

"पेनाने बंद झालं."

"मग?"

"अगं, पेनाने बंद झालं! पेन चालतंय!"

तिने चित्रं काढायचं साधं पान उघडलं. कोपऱ्यात पेन टेकवलं तर काळी रेघ उमटली. दुसऱ्या कोपऱ्यात उमटली. तिसऱ्या, चौथ्या कोपऱ्यातही. मग भिंतीला चुना द्यावा तसं तिने वरून खाली पट्टे मारायला सुरुवात केली, एकाला एक लागून, अख्खी स्क्रीन काळी करत. मशीनमध्ये दुसरं पाणी भरू लागलं होतं. ती मधोमध पोचली तशी रेघ तुटली, थोडं पुढे गेल्यावर पुन्हा सुरू झाली. पुढचा पट्टा तिथेच तुटला. त्याच्या पुढचाही.

शेवटचा पट्टा मारून तिने पेन उचललं. काळ्या स्क्रीनच्या बरोबर मधोमध एक पांढरं वर्तुळ उरलं होतं. कडा जरा खडबडीत, पण वर्तुळच. गोगलगाईचा मधला बिंदू नेमका त्याच्या पोटात येत होता.

तिने खुर्चीच्या पाठीवरची बाबांची टेप ओढली आणि वर्तुळावर धरली. पावणेचार सेंटिमीटर.

"मोजतेस काय आता?" आई म्हणाली.

"गोल आहे, आई. मोडलेली काच अशी गोल मरत नाही. अपडेटही नाही. मागे काही तरी आहे."

तिने स्क्रीन उलटी केली. मागे राखाडी कॅनव्हास. कव्हरचं झाकण मागे वळून पाठीला चिकटून बसलं होतं. ते उचललं तर टचकन सुटलं, सोडलं तर आपोआप जाऊन चिकटलं. बटण कुठेच दिसत नव्हतं. बाहेरून नुसतं सपाट, एकसारखं कापड.

काल दुपारपासून काय बदललं, असं ताईंनी विचारलं होतं. बाकी काहीच नाही, असं तिने ठणकावून सांगितलं होतं.

हे कव्हर बाबांनी काल संध्याकाळी पुरं केलं होतं. मागच्या वेळी गिरवताना स्क्रीन टेबलावर घसरत होती आणि मोजपट्टी ती दोन्ही हातांनी दाबून उभी होती, ते त्यांनी पाहिलं होतं. मग गोळी चढलेली असेल तेवढ्या वेळात, थोडं थोडं, कुणाला न सांगता त्यांनी हे शिवलं. खाली घसरू नये म्हणून खरखरीत कापड, आणि आत स्क्रीन डगमगू नये म्हणून तोंडसुद्धा शिवून टाकलेलं, फक्त चार्जरपुरती फट. संध्याकाळी त्यांनी ते पुढे केलं तेव्हा आई रडली होती आणि मोजपट्टीने ते लगेच चार्जिंगला लावलं होतं. पेन लावून पाहायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. बदलांच्या हिशेबात तिने ते धरलंच नव्हतं. ते यंत्राचं नव्हतं, बाबांचं होतं.

तिने सुयांच्या डबीतली टाचणी घेतली आणि कॅनव्हासच्या पाठीवर, मधोमध, हलकेच सोडली. टाचणी पडली नाही. उभीच राहिली.

"बाबा, इथे आत काय घातलंय?"

बाबांनी टाचणीकडे पाहिलं. ताठ चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण त्यांचे डोळे तिच्यावरून स्क्रीनवर आणि स्क्रीनवरून पुन्हा तिच्यावर आले. तिने कान जवळ नेला.

"बटण," बाबा म्हणाले. मग मोठा श्वास घेऊन, "चुंबकाचं. बटण... दिसता कामा नये."

पर्सला लावतात ते. बाबांच्या बॅगांची सगळी ऐट तीच होती, बटण कापडाच्या दोन थरांत लपवायचं, म्हणजे झाकण जादूने बंद झाल्यासारखं वाटतं. आणि चुंबक तारांच्या जाळीला एवढा चिकटून असला की तेवढ्यापुरती जाळी आंधळी होते. हे मोजपट्टीला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं.

"काढावं लागेल," ती म्हणाली. पण तिचा हात पुढे गेला नाही. कव्हरच्या कडेने बारीक टाके होते, काही सरळ, काही वाकडे. थरथर कुठे सुरू झाली आणि गोळी कुठे चढली, ते शिवणीवरून वाचता येत होतं.

"काप," बाबा म्हणाले. या वेळी आईलाही ऐकू गेलं.

"बाबा, तुम्ही केवढ्या कष्टाने..."

"दोरा काप. कापड... नको."

पाणी भरून झालं होतं. मशीन चादरी खळबळवू लागलं. मोजपट्टीने टाके उसवायची चिमटी कात्री घेतली आणि तोंडाकडचा पहिला टाका उचलला. एक टाका, मग दुसरा. तिसरा इतका घट्ट होता की कात्रीचं टोक कापडात शिरता शिरता राहिलं. बाबांचा हात टेबलावर आला आणि थरथरतच कव्हरच्या कडेवर एका जागी आपटू लागला. ती बघत राहिली.

"तिथे गाठ आहे म्हणतायत," आई म्हणाली. "गाठ काप, म्हणजे बाकीचं ओढून निघेल."

तिने गाठ कापली. दोरा ओढला तसा सरसर निघून आला.

त्याच क्षणी मोरीत पाणी भसाभस सुटलं. हे शेवटचं. यानंतर पिळणं.

तिने स्क्रीन कव्हरातून ओढून काढली आणि टेबलावर ठेवली. पेन मधोमध टेकवलं. काळा ठिपका उमटला.

"आलं! बाबा, आलं!"

आणि जमीन गुरगुरू लागली. बशीत गोळी हलली. पेल्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. मोजपट्टीने टेबलावर तळवा ठेवला. टेबल थरथरत होतं, आणि थरथर वाढत होती.

"आता नाही घेता येणार," ती म्हणाली. "आई, याच्यात मशीनची थरथर येईल. आणि थांबेपर्यंत तू..."

आई उठली. ती मोरीत गेली. गुरगुर वाढता वाढता एकदम खाली आली, एक हिसका, आणि सगळं शांत झालं. आई ओले हात झटकत परत आली.

"मशीन थांबलं की गोळी, असं म्हणाले होते ना मी?" ती म्हणाली. "ते थांबलेलं नाही. अर्ध्यात बंद केलंय. चादरी भिजत पडल्यात. घे लवकर."

मोजपट्टीने गोगलगाय उघडली. स्क्रीन घसरू नये म्हणून तिच्याखाली मोकळं कव्हर घालायला गेली, आणि आतलं बटण आठवून हात मागे घेतला. आईने काच पुसायचं फडकं ओलं करून पुढे केलं. स्क्रीन त्यावर घट्ट बसली.

"बाबा, सावकाश. घाई करू नका."

"दोरा... गुंतेल," बाबा म्हणाले.

पेन बिंदूवर टेकलं. रेघ निघाली. ती रेघ कसली, करवतीचे दात होते, पण एकापुढे एक, गोल गोल, बाहेर बाहेर जाणारे. मध्येच पेन उचललं गेलं, पुन्हा टेकलं. बाबांनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरायला घेतलं, मग त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी डावा हात स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. शेवटच्या वळणावर रेघ स्क्रीनच्या कडेपर्यंत उडाली आणि परत आली. यंत्राने बारीकसा आवाज केला. माप साठवलं गेलं.

"गोळी," मोजपट्टी म्हणाली.

आईने ती आधीच बाबांच्या ओठांशी नेली होती.

मग वाट पाहणं. आईने मशीन पुन्हा लावलं, चादरी पिळून वाळत घातल्या. बाबांच्या पायाची बोटं हळूहळू उलगडली. चेहऱ्यावर आधी कपाळ हललं, मग गाल. त्यांनी कव्हर ओढून घेतलं आणि उसवलेली कड बोटांनी तपासली.

"बरं उसवलंस," ते म्हणाले. आवाज अजून जाड नव्हता, पण खोलीभर ऐकू येत होता. "कापड वाचलं. दुकानात असतीस तर महिन्याभरात हाकलली नसती."

"आणि तुम्ही बटण कुठेतरी कडेला लावलं असतंत तर?"

"कडेला लावलेलं बटण झाकण नीट धरत नाही," बाबा म्हणाले. "तुझं यंत्रच चुकीच्या जागी नाजूक आहे."

"बघा," आई म्हणाली, "गोळी चढली. भांडायला लागले."

मोजपट्टीने फडकं पुन्हा ओलं केलं आणि स्क्रीन त्यावर ठेवली. मोरीत शांतता होती. तिने तरीही टेबलावर तळवा ठेवून पाहिला. मग गोगलगाय उघडली आणि पेन बाबांकडे दिलं. त्यांनी ते सुई धरावी तसं धरलं आणि मधल्या बिंदूवर टेकवलं.

गोळीआधी नऊ पूर्णांक सहा मिलिमीटर. गोळीनंतर सहा पूर्णांक एक. फरक छत्तीस टक्के. हवे होते तेहतीस.